मागच्या चाकाचे छर्रे

"घरात पाऊल टाकलं की माणूस 'आले' म्हणतं. हिला तेवढंही जड," घरातली थोरली, सासू, पातेल्यावर झाकण आदळत म्हणाली.

सून समोरूनच गेली. चपला काढल्या, मान हलवली न हलवली असं केलं आणि थेट मागच्या न्हाणीघरात शिरली.

महिनाभर हेच चाललं होतं. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तिला सहा वर्षं झाली होती, पण माज आत्ता चढला होता. रस्त्यात कुणी हाक मारली तर नुसती मान. जेवायला बसली की ताट मागे सारायची. तिखट नको, गरम नको. थोरलीच्या हाताला नावं ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तिनेही मग गल्लीभर सांगून ठेवलं होतं, सून घमेंडखोर निघाली म्हणून. समोरच्या शिंपिणीला तर दोनदा.

अंगणात मुलगा सायकल उलटी करून बसला होता. नातीला नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी सातला हजेरी, तीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिकडची पहिली बस आठची. सायकल नाही तर जागा नाही. जागा गेली की पोरगी आईच्या शेजारी त्याच कारखान्यात उभी राहणार.

"सांगाडा भंगारात मिळाला, चाकं मिळाली," मुलगा ग्रीसचं बोट पुसत म्हणाला. "जीव काढला तो या बारीकसारीक सामानानं. पिना, वॉशर, आरे. मूठभर वस्तू, पण प्रत्येकीला दुकानदार वेगळा कापतो. हँडलपासून पेडलपर्यंत लागणारे बेअरिंगचे छर्रे तेवढे हिनं आणले म्हणून निभावलं. बाद माल देतात म्हणे कामगारांना."

"देतात? फुकट?"

"ती म्हणाली तसं."

"तुझ्या बापाला तीस वर्षांत त्यांनी एक खिळा दिला नाही."

मुलगा चाकाकडेच बघत राहिला. "आता मागच्या चाकाच्या एकाच बाजूचे राहिलेत. नऊ."

थोरली उठली. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सून वाटीवर वाकली होती. आधी लाळ आली, पिवळट, तिच्यात रक्ताचा दोरा. मग टण. टण. एकेक छर्रा वाटीत पडत गेला. दारात उभ्या थोरलीने कानांनीच मोजले. सात.

सून वळली. दडवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने ओठ बाजूला ओढून दाखवला. गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सुटली होती. एका दाढेच्या जागी खड्डा होता.

"गंजू नयेत म्हणून तेल लावतात, आई. त्यानं सोलतं," ती पुटपुटली. "गेटवाली केस सोडायला लावते, कपड्यांत हात घालते. तोंडात नाही बघत."

"चोरी करतेस."

"हो."

थोरलीच्या ओठावर आलेली शिवी तिथेच राहिली. "किती दिवस?"

"महिना. रोज चार-पाच. आज नऊ घेतले. म्हटलं, संपवून टाकावं एकदाचं."

"वाटीत सात आहेत."

सुनेने तोंड पुसलं. "आज गेटवालीनं नाव विचारलं. सहा वर्षं ओळखते मला, तरी विचारलं. बाकीचे गालात दाबले, पण बोलताना दोन सुटले." तिचा हात पोटावर गेला. "गिळले."

थोरलीने वाटी तिच्या हातातून घेतली. छर्रे नळाखाली धरले, वास जाईपर्यंत चोळले, फडक्याने कोरडे केले आणि अंगणात नेऊन मुलासमोर ठेवले.

"दोन कमी आहेत," तो म्हणाला.

"उद्या येतील."

त्या संध्याकाळी सुनेच्या ताटात तिने अळणी, पातळ वाढलं आणि ते निवेपर्यंत स्वतःच पंख्याने वारा घालत बसली.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटायच्या आधीपासून थोरली उंबऱ्यात उभी होती. सून गल्लीत वळली ती एकटी नव्हती. शेजारून गेटवाली येत होती. तिचं घर नदीपलीकडे होतं. या गल्लीत तिचं काही काम नव्हतं. ती बोलत होती, सून मान हलवत होती.

दारापाशी गेटवाली थांबली.

"काय गं, सबंध रस्ता विचारतेय, एक शब्द नाही. दात दुखतोय का? आ कर बघू."

सुनेने ओठ घट्ट मिटले आणि गालावर आतून एक बारीक उंचवटा उमटला. थोरलीने तो पाहिला.

"ती काय आ करणार!" ती कडाडली. "महिना झाला, सासूशी तोंड उघडत नाही, आणि तुला दात दाखवेल? तू कोण लागून गेलीस? विचार गल्लीला!"

समोरच्या खिडकीत शिंपीण हसली. "खरंय हो बाई. हिचा माज आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

गेटवाली एकदा खिडकीकडे, एकदा सुनेकडे बघत राहिली. थोरलीने सुनेचं मनगट धरलं.

"घमेंडखोर आहेस तू," ती सुनेच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "उभ्या जन्मात तुझ्यासारखी घमेंडखोर बाई पाहिली नाही मी. चल आत."