कापसाने दाखवलेली चीर

मित्रांनो, शहाद्याजवळच्या एका गावात, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली मी जुनी बॅडमिंटन रॅकेट आहे. माझ्यात आता जाळी नाही. तरीही अंगणात कोणी खाटेची दोरी ताणू लागले की मी घाबरते. का, ते सांगते.

माझे शरीर साधे आहे. खाली मूठ. तिच्यावर गुंडाळलेली पट्टी घाम शोषते, म्हणून मी हातातून निसटत नाही. मुठीतून बारीक दांडा निघतो. फटका मारताना तो किंचित वाकतो आणि लगेच सरळ होतो. फुलाचा, म्हणजे शटलचा, थोडा वेग त्यातूनच येतो. वर कार्बनच्या धाग्यांची अंडाकृती चौकट, आणि तिच्यात ताणलेली जाळी. चौकटीच्या प्रत्येक छिद्रात प्लास्टिकची इवलीशी नळी असते. ती नसती तर छिद्राच्या धारेने तार कापली गेली असती.

सगळे जाळीचे कौतुक करतात. पण मी नुसती टांगलेली असले तरी जाळी चौकटीला आत ओढत असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. उभ्या तारा वरून आणि खालून ओढतात, आडव्या दोन्ही कुशींतून. ही ओढ समतोल असते तोवर मी ती सोसते. एका बाजूला वाढली की मला धडकी भरते.

माझी मालकीण चेतना आठवीत शिकते. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये ती मैत्रीण नूतनबरोबर जोडीने खेळायची. नूतन पुढे नेटजवळ, चेतना तिच्या मागे. मी नूतनच्या डोक्यावरून फिरायचे, आणि माझा फटका बसला की हॉल दणाणायचा. ते माझे सुखाचे दिवस.

एका उन्हाळ्यात चेतना मला ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पेटीत विसरली. आत भट्टी होती. तिथे माझ्या तारांचा जीव गेला. पुढे तालुक्याच्या सामन्यांच्या आदल्या दिवशी, सराव करताना, एक तार तुटली. चेतना रडवेली होऊन घरी आली. घरात दुसरी रॅकेट नव्हती.

तिचे वडील हेमकांत, म्हणजे तिचे आबा, खाटेची दावण ताणण्यात गावात पटाईत. पायथ्याची दोरी ओढून सैल खाट घट्ट करायची असली की गल्ली त्यांनाच बोलावते. चेतनाची आई अनुसयाबाई थट्टेने म्हणते, “यास्नी ताणेल खाटवर मानूस झोपत नही, उसळस.”

आबांनी मला मांडीवर घेतले. तुटलेल्या टोकाला मासे धरायची नायलॉनची दोरी गाठली, मूठ पायाखाली दाबली आणि खाट ताणावी तसे एकाच बाजूने ओढत गेले. माझी उजवी कूस आत दबू लागली, डावी फुगू लागली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. दांडा जिथे चौकटीला मिळतो तिथे आत काहीतरी टक्‌ झाले. आबांनी जाळीवर टिचकी मारली. ते समाधानाने म्हणाले, “आते कशी वाजी ऱ्हायनी.”

बाहेरून काहीच दिसत नव्हते. मला मात्र उद्याचा पहिला जोरदार फटका दिसत होता: चौकट फुटणार, तिचा टोकदार तुकडा उडणार, आणि पुढे नूतन उभी असणार.

चेतनाने जाळीवर बोट वाजवले. एका कडेला आवाज बारीक, दुसऱ्या कडेला जाड. ती थबकली. मग पडवीत भरलेल्या कापसातून तिने चिमूटभर कापूस घेतला आणि माझ्या चौकटीवरून हळूहळू फिरवला. सगळीकडे तो घसरला. दांड्याच्या सांध्याजवळ त्याचे तंतू अडकून राहिले.

तिने मला आबांसमोर धरले. आबा हात पुसत, कौतुकाने तिच्याकडे पाहत होते, म्हणून तिला बोलणे जड जात असावे. शेवटी हळूच म्हणाली, “आबा, खाटले एक बाजूथीन ताणतंस. हिले बठ्ठ्या बाजूथीन सारखं लागस. चीर पडी गयी. उद्या फुटनी तर नूतनना डोया जाई.”

आबांनी अडकलेला कापूस निरखून पाहिला. मग स्वतःच कात्री आणून तिच्या हातात दिली. म्हणाले, “काप माय. पोरना डोयापेक्षा काय मोठं शे?”

कात्री पाहून मी सगळ्यात जास्त घाबरले. मला वाटले, संपले. चेतनाने मधल्या तारेपासून कापायला सुरुवात केली, एकदा उभी, एकदा आडवी. प्रत्येक तार सुटताना माझ्या कुशीवरचे ओझे उतरत गेले. मृत्यू म्हणून जिला भ्याले, तीच माझी सुटका होती.

दुसऱ्या दिवशी चेतना शाळेची जड रॅकेट घेऊन खेळली आणि दुसऱ्याच फेरीत हरली. नूतन चिडली, पण दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे रोखून बघत चिडली.

मी आता कधी खेळणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या रॅकेटची एक तार तुटली, तर बाकीच्या लगेच मधूनच कापून टाका आणि जाणत्याकडून नवी जाळी घालून घ्या. तिला उन्हात बंद करू नका. फटका मारण्याआधी तिच्या अंगावरून चिमूटभर कापूस फिरवा, कारण तिला कुठे दुखते ते ती सांगू शकत नाही.

चेतनाकडे आता नवी रॅकेट आहे. ती हॉलकडे निघाली की आबा दारात हात पुढे करतात. त्यांच्या बोटांत कापूस असतो. नव्या चौकटीवरून त्यांचा हात पूर्ण फिरेपर्यंत मी खिळ्यावर श्वास रोखून असते.