अडवलेलं आमेन

रविवारची उपासना सुटली आणि हन्नाबाई चर्चच्या पायरीवर चपला शोधत उभ्या राहिल्या. चपला समोरच होत्या, पण दिसत नव्हत्या. राग आला की त्यांचं असंच व्हायचं. वय सत्तरीला टेकलं होतं, गुडघे कुरकुरायला लागले होते, पण राग मात्र अजून विशीतलाच होता.

कारणही तसंच घडलं होतं. पाळकसाहेब शांतवन हेरलेकर यांनी उपदेशानंतर लांबलचक प्रार्थना केली. आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्यांसाठी मागितलं, पावसासाठी मागितलं. मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "हे स्वर्गीय पित्या, तुझी कन्या रिबका हिला तू अंधारातून बाहेर काढ. मनुष्य माकडापासून झाला असं ती शाळेत शिकवते. तिच्या हाती सोपवलेल्या आमच्या लेकरांचं तू रक्षण कर." शंभर-सव्वाशे माणसांनी मिटल्या डोळ्यांनी 'आमेन' म्हटलं. रिबका तिसऱ्या बाकावर बसली होती. तिनं काय म्हटलं ते कुणाला ऐकू आलं नाही.

रिबका ही हन्नाबाईंची सून. मुलगा समाधान जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोघी बाया बावड्याच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहायच्या. रिबका गावातल्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायची आणि दर रविवारी सकाळी चर्चच्या पडवीत शब्बाथशाळा घ्यायची. शब्बाथशाळा म्हणजे लहान मुलांचा धर्माचा वर्ग. चाळीसेक पोरं असायची. कुणाला दात आला, कुणाचा पडला, हे त्यांच्या आयांच्या आधी रिबकाला ठाऊक असायचं. घरात पाळणा हलला नाही, पण रविवारी चाळीस पोरं तिच्या पदराला लोंबकळायची, आणि त्या एका तासावर ती बाई आठवडा काढायची.

तोच तास काढून घेतला. त्याच दिवशी दुपारी मंडळीच्या वडीलजनांची, म्हणजे चर्चच्या पंचांची, सभा बसली, आणि संध्याकाळी त्यांच्यातले आकाराम पत्र घेऊन दारात आले. रिबकाबाईंनी लेखी माफी द्यावी, तोवर शब्बाथशाळा बंद. आकाराम जुना माणूस. पत्र देताना वर बघेना, पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

हन्नाबाईंचा संताप घरात मावत नव्हता. पण त्या संतापाला एक काटा होता आणि तो त्यांच्याच पायात होता. पाळकसाहेबांना हे कळलं कसं? हन्नाबाईंनीच सांगितलं होतं.

ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. घरातली गोष्ट बाहेर बोलू नये, हे सगळ्यांना मान्य. पण तीच गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितली तर तिला कुणी चुगली म्हणत नाही. मग कुणाचा नवरा पितो, कुणाची पोरगी कुणाबरोबर दिसली, सगळे विषय होतात आणि हात जोडून घरोघर फिरतात. हन्नाबाईंनी जन्मभर या रीतीला नावं ठेवली. आणि एका सकाळी स्वतःच तीत अडकल्या.

झालं होतं एवढंच, की दहावीच्या नव्या पुस्तकात जीवसृष्टी कशी होत गेली त्याचा धडा आला होता. एका पोरानं उभं राहून विचारलं होतं, "बाई, तुमच्या धर्मात सा दिवसांत झालं म्हनत्यात. मग खरं काय?" वर्ग हसला होता. रिबका घरी आली ती जेवलीच नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली होती, "धडा शिकवला तो मला पटला. आत्ता प्रार्थना केली, तीही पटली. दोन्ही एका जागी कसं ठेवायचं ते मला येत नाही. त्या पोराला मी काय सांगू?"

 चाळीस वर्षं हन्नाबाईंनी खेड्यापाड्यांत बायकांना देवाचं वचन वाचून दाखवलं होतं, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रात्रभर सून कूस बदलत राहिली आणि सकाळी सासूबाईंना राहवलं नाही. त्या पाळकसाहेबांच्या बायकोकडं, पाळकीणबाईंकडं गेल्या. "पोरीच्या जिवाला शांती पायजे, एवढंच मागा. नाव घ्यायचं न्हाय," असं दोनदा बजावून सांगितलं. पाळकीणबाईंनी मान डोलावली होती.

आता रिबका रोज शाळेत जात होती, येत होती, भाकरी थापत होती. विचारत मात्र एकच होती. "आत्याबाई, मी तर घराबाहेर कुणाशी बोलले नव्हते. साहेबांना सांगितलं कुणी?" आणि हन्नाबाई तवा घासत बसायच्या.

"माफी लिहून देणार?" त्यांनी मंगळवारी विचारलं.

"कशाची लिहू? धडा शिकवल्याची, की विचार केल्याची?" रिबका म्हणाली. "न लिहावं तर पोरं जातात. लिहावं तर त्याच पोरांपुढं खरं बोला म्हणून कुठल्या तोंडानं उभी राहू?"

बुधवार उजाडला. दर बुधवारी पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची, आणि या बुधवारची पाळी नेमकी हन्नाबाईंची होती. पाळी टाळायचं दोघींच्याही मनात आलं नाही. दिवस मावळायच्या सुमाराला पाळकसाहेब आले, पाळकीणबाई आल्या, आकाराम आले, शेजारच्या धोंडुबाई आणि आणखी सातआठ जण आले. सगळ्यांनी "सलाम, सलाम" केलं. पाळकसाहेबांनी रिबकालाही सलाम केला, अगदी हसून. माणसाला वाळीत टाकून वर हसून सलाम करायचा, याला काय म्हणावं? हन्नाबाईंना ते हसू रविवारच्या प्रार्थनेहून जास्त झोंबलं.

रिबकानं चहासाठी स्टोव्हवर दूध ठेवलं, वात बारीक केली आणि जाजमावर येऊन बसली. गाणं झालं, वाचन झालं, मग साखळी प्रार्थना सुरू झाली. साखळीत एकानं प्रार्थना संपवून आमेन म्हणायचं की शेजारच्यानं सुरू करायची, अशी ती गोल फिरते. शेवटच्या माणसाचं आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही, उठायचं तर नाहीच. पाळकसाहेबांनी सुरुवात केली आणि चुकल्या मेंढराला कळपात आणण्याबद्दल पाच मिनिटं मागितलं. नाव घेतलं नाही, पण मेंढरू कोण ते भिंतीवरच्या पालीलाही कळलं असतं. साखळी फिरत रिबकापाशी आली. ती नुसतं "आमेन" म्हणाली. आता एकट्या हन्नाबाई राहिल्या होत्या.

"देवबापा," त्यांनी सुरू केलं, "मी हन्ना. वळखलंस न्हवं? चाळीस वर्सं तुजं पुस्तक पिशवीत घालून हिंडले मी. मुरगुडात माज्यावर शेण फेकलं, कागलाकडं एका वस्तीवर कुत्री सोडली. तुला समदं ठावं हाय. पर देवा, त्यांनी डोळं उघडं ठिवून फेकलं. माज्याकडं बगून फेकलं. का रं बाबा, म्हनून मला इचारता आलं. तुज्या मंडळीत डोळं मिटून फेकत्यात, वर हात जोडून. त्येला जबाब कसा द्यायचा? बोलावं तर प्रार्थना मोडली म्हनत्यात."

जाजमावर कुणीतरी हललं. पाळकसाहेब खाकरले. हन्नाबाईंनी आवाज चढवला.

"ह्ये माकडाचं खरं का खोटं, मला कळत न्हाय. मला इचारशील तर मला न्हाय पटत. माजा आज्जा माकड न्हवता, बावड्यात मोट हाकत हुता." धोंडुबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. "पर देवा, मातीपासनं माणूस केलास म्हनत्यात त्ये आमाला चालतंय. माती चालती, आन माकड म्हटलं की कमीपणा वाटतुया. माकड काय दुसऱ्या कुनी केलं व्हय? तू कसं केलंस, किती दिसांत केलंस, तुजं तुला ठावं. तवा आमच्यातलं कुनी हुतं तितं? पाळकसाहेब हुतं?"

हन्नाबाई थांबल्या नाहीत.

"ही माजी सून. समाधान गेला तवा लोक म्हनले, जाईल म्हायेरी. न्हाय गेली. माजं दुखणं काढलं, माजं गू-मूत काढलं. ह्या बसलेल्या समद्यांच्या नातवंडांना तुजं नाव हिनं शिकवलंय. तिच्या मनात एक प्रश्न आला. प्रश्न येतो म्हंजे इस्वास गेला व्हय, देवा? ज्याला काय पडलीच न्हाय त्येला प्रश्न कशाला येतील? तिनं तुलाच इचारलं असतं, आज ना उद्या तू सांगिटलं असतंस. मधी ह्ये कोन पडलं? तिची पोरं तोडली. देवा, मला लई राग आलाय, आन मी काय तो गिळणार न्हाय. म्हनून मी आमेन म्हननार न्हाय. ज्येनं रविवारी भर मंडळीत तिचं नाव घेटलं, त्येनं हितं तुज्यापुढं परत तेच नाव घ्यावं, आन आपली चूक सांगावी. तवर मी हाय बसलेली."

आणि त्या गप्प झाल्या.

अशी पंचाईत त्या मंडळीवर कधी आली नव्हती. साखळी तुटलेली नाही आणि संपलेलीही नाही. उठावं तर प्रार्थना चाललेली, डोळे उघडावे तर आमेन झालेलं नाही. आकारामांचा पाय बधिर झाला असावा, ते कण्हले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत सगळ्यांनी ऐकला. आतल्या खोलीत दुधानं फसफस केली आणि उतू गेल्याचा करपट वास आला. रिबका जागची हलली नाही.

शेवटी पाळकसाहेबांना तोंड उघडावं लागलं. "हे दयाळू पित्या, आम्हां सर्वांच्या हातून कळत नकळत ज्या चुका होतात..."

"सर्वांच्या न्हवं," हन्नाबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "नाव घिऊन."

पाळकसाहेबांचा आवाज ताठ झाला. "प्रभू, तू अंतर्यामी आहेस. हा विषय माझ्याकडे कोणत्या घरातून आला, कुणी विश्वासानं आणून दिला, हेही तू जाणतोस. ते आज इथं उघड व्हावं अशी तुझी इच्छा असेल तर..."

 म्हणजे हा देवमाणूस प्रार्थनेतच धमकी देत होता! गप्प बसा, नाहीतर सुनेपुढं उघडं पाडीन, असंच ना? सूनच तर उरली होती हन्नाबाईंना. ती तुटली तर म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? क्षणभर आमेन त्यांच्या ओठावर आलं. म्हटलं असतं तर सगळे उठले असते, कोरडा सलाम करून गेले असते आणि तवा घासत बसायला उरलेला जन्म मोकळा होता.

"थांबा साहेब," त्या म्हणाल्या. "त्ये मी सांगते. देवा, मीच सांगिटलं. पाळकीणबाईस्नी मी जाऊन सांगिटलं. पोरगी झोपली न्हाय म्हनून जीव तुटला माजा, आन तुज्याशी बोलायचं सोडून मी मानसांशी बोलले. चार दीस झालं ती इचारती, सांगिटलं कुनी, आन मी मुकाट तवा घासती. शेण फेकलं पाळकसाहेबांनी, पर गोळा करून मी दिलं. रिबका, मी दिलं गं."

आता मात्र त्यांचा आवाज फुटला. डोळे मिटलेले, त्यामुळं रिबकाचा चेहरा दिसत नव्हता, आणि बरंच होतं. 

मग आकारामांचा घोगरा आवाज आला. "देवा, पत्रावर सही माजी हाय. न वाचता केली. साहेबांनी म्हटलं, म्या केली. माज्या नातवानं परवा इचारलं, बाई आता का न्हाय शिकवायच्या? मला सांगता यीना. ती सही मी मागं घेतो. येत्या रविवारी पोरं रिबकाबाईंच्यापाशीच बसतील. बाकीच्या वडीलजनांना मी बगतो."

"व्हय देवा," धोंडुबाई म्हणाल्या. आणखी दोघंतिघं पुटपुटले.

पाळकसाहेब बोलले नाहीत. पण हन्नाबाई आता त्यांची वाट बघत नव्हत्या. ज्या आवाजाची वाट होती तो त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, गप्प होता. करपलेल्या दुधाचा वास घरभर झाला. हन्नाबाईंनी मनात देवाला सांगितलं, आता राग संपला, आता नुसती भीती राहिली आहे.

मग त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर एक हात येऊन टेकला. खडूनं खरखरीत झालेला, मास्तरीणबाईचा हात.

"आमेन," रिबका म्हणाली.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. पाळकसाहेबांचं सगळ्यांच्या मागून आलं. डोळे उघडले तरी जो तो जाजमाकडंच बघत होता. रिबका उठून आत गेली, तिनं स्टोव्ह बंद केला आणि फडकं हातात घेऊन दारात आली. डोळे लाल होते.

"आत्याबाई, यापुढं माझा विषय असला तर आधी मला सांगा," ती म्हणाली. "आणि दूध सगळं गेलं. पाळकसाहेबांना कोरा चहा चालेल का?"

"चालतुय की," पाळकसाहेबांनी तोंड उघडायच्या आतच हन्नाबाई म्हणाल्या. "न चालायला काय झालं?"