ताडपत्रीखालचा माल

भाऊजींच्या मते पैशांच्या बाबतीत मी भित्री भागूबाई. एकतीस वर्षं वॉर्डात उभ्याने ड्यूटी करून गुडघे झिजवले आणि निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवले, म्हणजे जणू गुन्हाच केला! ते सगळे एका फरशी कंपनीच्या शेअरमध्ये घालायचे असा त्यांचा हट्ट. "वहिनी, विक्री दीडपट झालीय. अहवालात छापलंय. मी स्वतः घातलेत!" माझंही मन डळमळलं. सोमवारी पैसे भरायचं ठरलं. आम्हा दोघांचं म्हातारपण त्याच पैशांवर होतं, दुसरं काही नव्हतं.

आमचे हे मात्र भाऊजींनी दिलेला अहवाल चाळत बसले. यांनी उभा जन्म वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात काढला. शुक्रवारी सकाळी अहवाल काखोटीला मारून म्हणाले, "चल, कारखान्याचं फाटक बघून येऊ."

"फाटक बघून काय कळणार? मुलगा बघायला चाललोय का आपण?"

"मुलगा बघताना घर बघतोच की," म्हणत ते निघालेसुद्धा.

फाटकासमोरच्या बसथांब्यावर बसलो. कारखाना असा चकाचक, की माझी उरलीसुरली शंकाही गेली. कुंड्यांत फुलं, पहारेकऱ्याच्या बुटांना पॉलिश. तेवढ्यात करकचून ताडपत्री आवळलेला ट्रक बाहेर पडला.

"बघा, चालला माल," मी म्हटलं.

"रिकामा आहे."

"तुम्हाला ताडपत्रीतून दिसतं वाटतं?"

"चाकांवरचे ते लोखंडी पाटे बघ. फरशी भरली की पाटे सपाट होतात, टायर पसरतात. याचे कमानीसारखे वर आहेत. गतिरोधकावर कसा खडखडत उडाला, ऐकलंस ना?"

दुसराही तसाच, तिसराही. म्हटलं, निवृत्त माणसाची खोड. पण तासाभरात पहिलाच ट्रक परत आत गेला. तोच चेपलेला बंपर, तीच ताडपत्री, दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर! हे अहवालाच्या मागच्या पानावर नंबर टिपत होते. दुपारपर्यंत चार ट्रकांच्या अकरा खेपा झाल्या. भरलेली एकच.

"कागदावर अकरा ट्रक फरशी गेली," हे म्हणाले. "विक्री वाढणारच."

मला एकदम हसूच फुटलं. भर थांब्यावर मी यांचा हात घट्ट धरला. सुटलो, सुटलो, एवढंच डोक्यात होतं.

भाऊजी आधी भडकले. "दादा, पाटे बघून कुणी शेअर घेतं का?" पण शनिवारी गुपचूप जाऊन थांब्यावर बसले. सोमवारी बाजार उघडताच सगळे शेअर विकून थेट आमच्याकडे आले. धपकन खुर्चीत बसले. "वाचलो, वहिनी!" आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

हसता हसता यांनी विचारलं, "घेतले कुणी रे?"

"बाजारात कोण कुणाला ओळखतं, दादा?"

कुणीतरी घेतले होतेच. कदाचित निवृत्तीच्याच पैशांतून. हे उठले आणि टिपलेले नंबर घालून शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला तक्रार लिहायला बसले. त्या न पाहिलेल्या माणसासाठी माझाही जीव हळहळला. पण खोटं कशाला बोलू? त्याच्याही आधी मनात आलं ते एवढंच, की ते माणूस मी नाही.