वाटाण्याएवढं मलम

मेडिकलच्या काउंटरवर मी इतक्या जोरात हात आपटला की मागच्या फळीवरच्या बाटल्या हलल्या.

"काय विकलंस माझ्या पोरीला? तोंड सोललंय तिचं!"

दुकानातली माणसं मागे सरकली. मेडिकलवाल्यानं चष्मा सावरला. "काका, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?"

"कुठली चिठ्ठी? तू तशीच दिलीस ट्यूब!"

"तिनं नाव घेऊन मागितली. मैत्रीण वापरते म्हणाली."

"आणि लावायची कशी ते कोण सांगणार? तुझा बाप?"

"आत कागद असतो, काका. आता ती बंद करा आणि तिला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या."

त्याला आणखी दोन शिव्या हासडून मी बाहेर पडलो.

कागद होता, हे मला माहीत होतं. मीच तो चुरगळून फेकला होता. मुंगीएवढी अक्षरं, कोण वाचणार? असले कागद वाचायचं काम हिचं, माझ्या बायकोचं. खोकल्याच्या औषधाचाही कागद ती मोठ्यानं वाचायची. मी म्हणायचो, परीक्षेला बसायचंय का? ही गेली त्याला नऊ महिने झाले.

त्याच नऊ महिन्यांत पोरीचे गाल आणि हनुवटी मुरुमांनी भरली. ती बेकरीचा कोर्स करते. गुरुवारी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. भट्टीसमोर तीन तास उभं राहायचं, समोर बाहेरचे दोन परीक्षक. चुकली तर वर्ष गेलं. निदान तोवर चेहरा बरा दिसावा म्हणून तिनं ती ट्यूब आणली.

आठवड्याभरात कातडी निघायला लागली. तिनं मलाच विचारलं, आता दुसरं कोण आहे घरात?

"बाबा, सालं निघतायत. बंद करू का?"

मी एकतीस वर्षं फर्निचरला पॉलिश करतो. मला काय, सगळं लाकूडच. मी ठसक्यात सांगितलं, "बंद कशाला? निघतंय म्हणजे लागू पडतंय. पहिला हात सुकला की वरचा भुगा घासून काढायचा, मग दुसरा हात मारायचा. न घासता मारला तर धरत नाही."

पोरीनं ऐकलं. सकाळ-संध्याकाळ खरखरीत टॉवेलनं तोंड घासलं आणि वर मलमाचा जाड थर दिला. पंधरा दिवस. शनिवारी ती सरावाला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. भट्टीची धग लागली तसे गाल पेटले होते. नाकाच्या कडा फाटलेल्या, ओठांचे कोपरे चिरलेले.

"मी गुरुवारी जाणार नाही," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग मी मेडिकलवाल्याकडे गेलो.

सोमवारी तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई पोरीच्या आईच्याच वयाच्या होत्या. मला त्याचाही राग आला.

त्यांनी दिव्याखाली चेहरा बघितला, ट्यूब बघितली आणि पोरीला विचारलं, "गरोदर वगैरे नाहीस ना? तसा काही विचार?"

मी ताडकन उठलो. "अहो बाई, काय बोलताय? एकोणीस वर्षांची आहे ती!"

"बाबा, बसा," पोरगी म्हणाली.

"सगळ्यांनाच विचारते," बाई म्हणाल्या. "हे रेटिनॉइड आहे. दिवस गेलेले असताना लावायचं नाही. त्यात चिडण्यासारखं काही नाही." मग पोरीकडे वळून, "घासत होतीस?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच."

ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या डोक्यात सणक गेली. पोरीची आईसुद्धा असंच करायची. दुखणं अंगावर का काढलंत, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा ही म्हणाली, माझंच चुकलं. दोन महिने 'गॅस असेल, होईल बरं' म्हणणारा मी शेजारीच उभा होतो. गप्प उभा होतो.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. "घासायला मी सांगितलं. दुसरा हात मारायलाही मीच."

"दुसरा हात?"

मी पॉलिशचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाकूड परत वाढत नाही, म्हणून घासलेलं चालतं," त्या म्हणाल्या. "ही कातडी आतून नवी होत असते. मलम तेच काम करतं. वरून घासलं की उघडं मांस चोळल्यासारखं होतं."

मग त्या पोरीशीच बोलल्या. मलम सध्या पूर्ण बंद. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन. लिंबूबिंबू काही नाही. चेहरा शांत झाला की पुन्हा सुरू, पण तीन रात्रींतून एकदाच. तोंड धुवून वीस मिनिटं कोरडं होऊ द्यायचं आणि वाटाण्याएवढं मलम अख्ख्या चेहऱ्याला पुरवायचं. नुसतं मुरुमांवर थापायचं नाही. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे सोडायचे. "सुरुवातीला जास्तच खराब दिसेल. तीन महिने धीर धर. घाई केलीस तर पुन्हा इथेच येशील."

"आणि गुरुवार?" पोरीनं विचारलं.

"झोंबेल. पाव आत सरकवलास की मागे हो, उगाच भट्टीसमोर थांबू नकोस. जाता येईल."

बाहेर रस्त्यावर मी म्हणालो, "चल, बस येईल." ती जागची हलली नाही.

"आत कशाला बोललात?"

"खरं होतं म्हणून."

"मग शनिवारी का नाही बोललात? शनिवारी त्या मेडिकलवाल्याला शिव्या देऊन आलात! तुम्हाला ना, माहीत नसलं तरी माहीत असतं. मला 'माहीत नाही' म्हणाला असतात तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं! आईलापण..." ती थांबली.

"बोल."

"आईलापण असंच सांगत होतात!"

बसथांब्यावरची माणसं बघायला लागली. तिला धड रडताही येईना, पाणी गालांना झोंबत होतं. रुमालानं टिपत ती ओरडतच राहिली. दुसरं कुणी असतं तर मी दुप्पट ओरडलो असतो. तोंड उघडलंही होतं. मिटलं.

बरीच ओरडली. मग नाक ओढून म्हणाली, "गुरुवारी मी जाणार. अशाच लाल तोंडानं. तुम्ही सोडायला यायचं नाही."

"नाही येणार."

"आणि भट्टीचं, पिठाचं, कशाचंच काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

गुरुवारी ती सातला निघाली. मी खुर्चीतून उठलोही नाही. सांगण्यासारखं दहा वेळा ओठांवर आलं, गिळलं.

राग गेलेला नाही. मेडिकलवाल्यावर आहे, स्वतःवर आहे. आणि हिच्यावरही आहे, पोरीच्या आईवर. एकदा तरी तिनं माझ्यावर असं भर रस्त्यात ओरडायला हवं होतं.