तिसऱ्या घंटेच्या आत

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, जिन्याच्या वळणावर भिंतीला ठोकलेला. माझं रडगाणं ऐकवायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एका रविवारची गोष्ट सांगायची आहे. त्यात काही चांगल्या माणसांची अब्रू जाईल. जाऊ दे.

१९५४ साली शिकागोच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली आणि त्याच वर्षी मी ओहायोतल्या या कॉलेजच्या गावी आलो. हे घर विद्यार्थ्यांच्या एका संघटनेचं. इथं तिला फ्रॅटर्निटी म्हणतात. दारावर तीन ग्रीक अक्षरं, आत चाळीसेक पोरं, आणि सगळे एकमेकांचे 'भाऊ'. शिकत असताना भाऊ, शिकून गेलात तरी भाऊ, मेलात तरी भाऊ. तसं पाटीवरच कोरलंय.

घराचा एक नियम होता. नव्या पोरानं तिसरी घंटा संपायच्या आत मला उचलायचं आणि घराचं नाव, स्वतःचं नाव, आपला सभासद क्रमांक एका दमात सांगायचा. चुकला, तर जेवणाच्या वेळी टेबलावर उभं राहून गाणं. अंगाला साबण तसाच ठेवून पोरं धावत यायची. वर्षभरात ती सवय हाडात मुरायची.

काय काय ऐकलं मी! नापास झालेल्यांनी आईला 'पास झालो' सांगितलेलं ऐकलं. व्हिएतनामच्या लढाईला बोलावणारं पत्र एका बापानं माझ्यातूनच मुलाला वाचून दाखवलं. तो मुलगा नंतर तासभर माझ्याखाली पायरीवर बसून होता. तेव्हा मला 'घराचा आवाज' म्हणायचे. मग खिशातले फोन आले, आणि माझ्या हुकाला लोक ओले मोजे टांगू लागले. माझी लाइन तोडली नाही ती प्रेमानं नव्हे. आगीची घंटा त्याच तारेवर होती, म्हणून.

२०२० च्या मार्चमध्ये साथ आली. विद्यापीठानं पोरांना घरी पाठवलं. स्वयंपाकीणबाई गेल्या. चार दिवसांत घर रिकामं झालं. राहिला फक्त एमरी टटल.

एमरी लहानपणापासून सरकारनं ठरवून दिलेल्या परक्या घरांत वाढला. अठरा वर्षांत सात घरं. 'मला अडचण आहे' असं तो जेव्हा जेव्हा बोलला, तेव्हा त्याची बॅग भरली गेली. म्हणून तो बोलायचंच विसरला. संघटनेच्या चिटणीसानं सगळ्यांना फॉर्म पाठवला, 'घरचा पत्ता लिहा.' एमरीनं लिहिलं, ४११, हिकरी स्ट्रीट. म्हणजे हेच घर. त्यात खोटं काय होतं?

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी माजी सभासदांची सभा भरली, कॉम्प्युटरवर. साठ चौकटी, बहुतेकांत एकेक चेहरा. ऐकायला पोरांनाही मुभा होती. एमरी माझ्याखाली पायरीवर मांडीत कॉम्प्युटर घेऊन बसला होता, कॅमेरा बंद, आवाज बंद.

"भावांनो, ग्लास वर!" ग्रँट पेल्टियर म्हणाला. हा माजी सभासदांच्या मंडळाचा अध्यक्ष, धंद्यानं वकील.

"ग्रँट, तुझा कुत्रा तुझ्यापेक्षा टापटीप दिसतोय रे!" कोणीतरी ओरडलं.

"त्याची कटिंग घरीच होते. माझा न्हावी बंद आहे." हशा झाला. "तर बातमी चांगली आहे. एकेचाळीस पोरं, एकेचाळीस पत्ते, सगळ्यांपुढे खूण झालीय. पोरं सुखरूप पोचली. आता घर रिकामं ठेवून उपयोग नाही. शुक्रवारी घर गरम ठेवणारी भट्टी बंद, पाणी बंद, कुलूप नवं."

टाळ्या पडल्या. बाहेर त्या आठवड्यात बर्फ पडत होतं. एमरीचं बोट आवाजाच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

"यादी वाच," एक खरखरीत आवाज आला. त्या चौकटीत चेहरा नव्हता, नुसतं नाव होतं. ऑर्व्हिल हॅगमन, १९५८ साली इथून शिकून गेलेला. इंडियानातल्या वृद्धाश्रमातून साध्या फोनवरून सभेला बसला होता.

"ऑर्व्हिल, एकेचाळीस नावं आहेत."

"मग? मला कुठं नाचायला जायचंय? पाच आठवडे या खोलीत कोंडलंय मला. वाच. पत्त्यांसकट."

ग्रँटनं सुस्कारा सोडून वाचायला घेतलं. डेटन, टोलीडो, क्लीव्हलँड. "टटल, एमरी. चारशे अकरा, हिकरी स्ट्रीट. पुढचा..."

"थांब. चारशे अकरा हिकरी?"

"हो. का?"

"अरे गाढवा, चार वर्षं तू तिथंच राहिलास ना!"

बघा, मित्रांनो, साठही जण त्या पत्त्यावर राहून गेले होते. म्हणूनच कुणाच्या कानाला तो खटकला नाही.

"फॉर्म भरताना चुकला असेल," ग्रँट म्हणाला. "घरात कोणी नाही. यादी आहे माझ्याकडे."

"यादी घेऊन बस तू. घराचा नंबर माझ्या डोक्यात आहे." ऑर्व्हिलची चौकट गेली.

आणि मी वाजलो.

पहिली घंटा. एमरी दगडासारखा बसून. उचललं, तर तो इथं आहे हे कळणार, आणि कळलं की बॅग भरली जाणार. दुसरी घंटा. त्याचं डोकं 'नको' म्हणत होतं, पण पाय उभे राहिले होते. तिसरी वाजायच्या आत त्यानं मला उचललं, घराचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "एमरी टटल बोलतोय, क्रमांक बाराशे सहा."

"हॅगमन, तीनशे अठरा. जेवलास?"

"हो, सर. डब्यातले बीन्स."

"थंडच?"

"हो."

"का? स्वयंपाकीण सुट्टीवर गेली म्हणून शेगडीही गेली की काय?"

एमरीला हसू आलं. मग तो घाईनं म्हणाला, "सर, मी शुक्रवारपर्यंत जाईन. कोणाला सांगू नका."

"कुठं जाशील?"

एमरीनं माझी वायर बोटाला गुंडाळली.

"टटल, मी विचारलं, कुठं?"

"माहीत नाही."

"मग जाऊ नकोस. आता सांगतो ते ऐक. मी परत सभेत चाललोय. पण तुझ्या वतीनं मी बोलणार नाही. तुझ्या तोंडानं तू सांगायचंस."

एमरीनं मला जागेवर ठेवलं, खाली बसला आणि बटण दाबलं. "मी घरात आहे," तो म्हणाला. "मला दुसरं घर नाही."

ग्रँटनं चष्मा काढला. "टटल, अरे, मग बोलला का नाहीस?"

"ते नंतर," ऑर्व्हिल गुरगुरला. "आधी तू सांग. तू विचारलंस?"

घर बंद झालं नाही. भट्टी चालू राहिली. त्याच शुक्रवारी ग्रँट दोन तास गाडी चालवत आला, सामानाच्या सहा पिशव्या पायरीवर ठेवल्या, आणि मास्क लावून दूर गाडीपाशी उभ्या उभ्या एमरीशी बोलत राहिला. तो वाईट माणूस नाही. मला राग येतो तो त्याचाच. वाईट माणसं असती, तर निदान समजलं असतं. ही चांगली माणसं होती. ग्लास उंचावून भाऊ भाऊ करत होती आणि एका भावाला बर्फात काढत होती. का? तर कागदावर खूण बरोबर होती!

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका. माझे दिवस झाले. पण तुमच्याही याद्या असतील, वर्गाच्या, मंडळाच्या, जुन्या मित्रांच्या. नावापुढे खूण करण्याआधी त्या माणसाला एकदा फोन लावा. जेवलास का, विचारा. कुठं आहेस, विचारा. आणि 'माहीत नाही' असं उत्तर आलं, तर फोन ठेवू नका.