आडवा टॉवर

शके १९२९च्या अधिक ज्येष्ठात, एका रविवारी दुपारी, शहापूर तालुक्यातील किन्हवली गावी सासऱ्याचा उंबरठा ओलांडून नामदेव आत आला आणि हातातली पिशवी खाली ठेवायचे विसरून तसाच उभा राहिला. टीव्हीखालच्या फळीवर त्याचा टॉवर आडवा पडला होता.

कमरेइतक्या उंचीचा तो काळा स्पीकर: वर-खाली जाड आवाजाचे दोन वूफर आणि त्यांच्या मधोमध बारीक आवाजाचा चिमुकला ट्विटर. नामदेव भातसानगरच्या वसाहतीत वायरमन. किन्हवलीत लग्न असो की पूजा, कर्णा बांधायला थोरल्या जावयालाच निरोप जाई. टॉवरची जोडी त्याने हौसेने घेतली होती. तिच्यातला एक उंदरांनी कुरतडला, तेव्हा दुसरा त्याने सासरी आणून कोपऱ्यात उभा केला. वाजला तो क्वचितच, पण मैना, म्हणजे त्याची सासू, तो पदराने पुसून आल्यागेल्याला सांगे, "आमच्या थोरल्या जावयाचा."

धोंड्याचा महिना म्हणून दोन्ही जावयांना अनारशांच्या वाणाचे आमंत्रण होते. धाकटा संदीप मुरबाडच्या कारखान्यातला. तो आदल्याच दिवशी नवा होम थिएटरचा सेट घेऊन आला होता. त्याचे दोन नवे टॉवर टीव्हीच्या दोन्ही अंगांना ताठ उभे होते.

"या, साडूभाऊ," वायरीचे टोक दाताने सोलत संदीप म्हणाला. "सेटला मधला स्पीकर नव्हता. म्हटलं, घरात हाय की आपल्या."

"आपल्या," नामदेव म्हणाला.

"म्हंजी तुमचाच वो! उभा ठेवला तर टीव्ही झाकतो, म्हणून निजवला. आता बोलणं सगळं याच्यातनं येईल. ते दोघं नुसतं गाणंबजावणं करतील."

नामदेवाने हातातली पिशवी खाली आदळली. याला मत्सर म्हटले असते तर त्याने ते कदापि मान्य केले नसते. त्याच्या मते हा तत्त्वाचा प्रश्न होता. उभे राहण्यासाठी घडवलेली वस्तू उभीच राहिली पाहिजे. तथापि, आपल्याला न विचारता ती निजवली गेली, आणि निजवणाऱ्याभोवती सगळे घर गोळा झाले, हे त्या तत्त्वाहून अधिक बोचत होते. त्याची स्वतःची बायको सरू संदीपला वायर धरून देत होती आणि हसत होती.

टीव्हीसमोर, बरोबर मधोमध, घरातली एकुलती हाताची खुर्ची मांडली होती. तिच्यावर धुतलेल्या चादरीची घडी. संदीप तिच्या शेजारून उठून टीव्हीकडे जाई, काही फिरवी आणि पुन्हा खुर्चीपाशी येऊन कान देई. नामदेवाने ते पाहिले आणि तो दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला.

"साडूभाऊ, मधे या ना."

"हितं वारा हाय."

"दाजी, पंखा लावते की," त्याची मेहुणी, संदीपची बायको रंजना म्हणाली, आणि तेवढ्यात लाईट गेली.

"लाईट आल्यावर लाव."

लाईट आली, पंखा फिरला आणि पिक्चरही सुरू झाला. नामदेव बाकावरच राहिला. पडद्यावर एक म्हातारा कोर्टात साक्ष देत होता. मैनेने डोळ्यांना पदर लावला. नामदेवाला म्हाताऱ्याचे ओठ दिसत होते. शब्द मात्र घशात घोंगडे अडकल्यासारखे, अर्धे गिळलेले येत होते.

"बंद कर," तो म्हणाला. "एक शब्द कळत नाय."

"आमाला तर कळतंय," सरू म्हणाली.

"तुला काय, कायपण कळतं! अगो, दोन वूफर एकावर एक असले तर आवाज डावी-उजवीकडं सारखा जातो. आडवे टाकले की एकाचा आदी पोचतो, दुसऱ्याचा मागनं. दोघं एकमेकांचे पाय वढतात."

हे शास्त्र खरे होते, आणि म्हणूनच त्याचा आवाज चढला. त्याने उठून टॉवर उभा केला. पडद्याचा मधला भाग काळ्या खोक्याआड गेला.

"साक्षीदारच गायब केला दाजींनी," रंजना म्हणाली आणि सगळे हसले. संदीपही हसला. नामदेवाला केवळ तेवढेच ऐकू आले.

"मामा, तुमीच सांगा," तो सासऱ्याकडे वळला. "आवाज बिघडलाय का नाय?"

सासरा धाऊ आतापर्यंत भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. त्याने अडकित्ता मिटला. संदीपला खूण करून टॉवर पुन्हा आडवा करवला, पिक्चर चालू करवला. मग तो दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला आणि डोळे मिटून ऐकू लागला. त्याच्या कपाळाला आठी पडली. नामदेवाने संदीपकडे पाहिले.

धाऊ उठला, सावकाश मधोमध आला. खुर्चीत मात्र तो बसला नाही. चादरीची घडी किंचित सरकली होती ती त्याने हाताने नीट केली आणि खुर्चीला पाठ लावून खाली जमिनीवर टेकला. तिच्या एका अंगाला सतरंजीवर संदीप होता, दुसऱ्या अंगाला मैना. आपण आल्यापासून त्या खुर्चीत कोणीच बसले नव्हते, हे नामदेवाच्या तेव्हा ध्यानात आले.

म्हाताऱ्याची साक्ष पुरी होईपर्यंत धाऊने ऐकले. मग मान वळवून तो म्हणाला,

"आवाजाला काय झालं नाय, नामदेवराव. तुमीच बाजूला बसलाव."