राक्षसा, जेवलास का?

"एवऱ्या चांगल्या पोराची गोष्ट नको सांगू गो बाय पोरीला," मासळी निवडून देता देता दारावर येणारी मनुबाई कोळीण म्हणाली होती. "उद्या ती खरा करून दाखवल."

मी हसून सोडून दिलं. तेव्हा, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत, आम्ही कळव्यात राहायचो. जुई पाच वर्षांची, आणि गोष्टीशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून मी चंदू नाखवा तयार केला. वय दहा, होडी एवढीशी आणि खाडीत राक्षसच राक्षस. चंदूकडे तलवार नव्हती. मला पोरीच्या हातात फूटपट्टीसुद्धा नको वाटायची. तो राक्षसासमोर जाऊन फक्त विचारायचा, "जेवलास का?" उत्तर मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. राक्षस उपाशी असला तर आपली अर्धी भाकरी द्यायचा. राक्षस रडायचा, जुई आ करायची, वरणभात आत.

आमच्या इमारतीतला राक्षस म्हणजे तळमजल्यावरचे सहदेवकाका. एकटेच राहायचे. त्यांच्या दारात गेलेला चेंडू परत यायचा तो कापलेलाच. एक दिवस जुई त्यांच्या खिडकीशी उभी.

"काका, जेवलात का?"

"तुला काय करायचंय? पळ!"

"म्हणजे नाही जेवलात?"

"जेवलो! झालं समाधान?"

मग रोज दुपारी हेच, वर चंदूच्या गोष्टीही. मी जिन्यात कान देऊन उभी. काकांची उत्तरं मात्र लांबत गेली. "जेवलो. भेंडी होती. चिकट झाली, सांग तुझ्या चंदूला."

एका दुपारी जुई वर आलीच नाही. गच्ची, टाकी, फाटक सगळं पालथं घालून मी रडकुंडीला आले. शेवटी सापडली ती काकांच्या बंद दाराशी, मांडी ठोकून, मांडीवर शाळेचा डबा.

"चल वर!"

"काका उत्तर देत नाहीयेत."

"झोपले असतील. ऊठ."

"चंदू उठतो का?"

मी तिचा दंड धरून ओढलं, तिने दाराची कडी धरली. त्या ओढाताणीत कडी जोरात खणखणली आणि आतून अगदी बारीक आवाज आला, "नाही जेवलो."

शेजाऱ्यांनी दार ढकलून उघडलं. काका तापाने फणफणलेले, उठायचंही त्राण नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रात्र गेली असती तर कठीण होतं. चार दिवसांनी जुईने अर्धी पोळी पुढे केली, तर काका म्हणतात, "आत भेंडी असेल तर परत ने!"

आता आम्ही डोंबिवलीला आलोय. काका तिथेच, एकटे. जुई घास हातात धरून विचारते, "आज त्यांना कोणी विचारलं असेल?" मी सांगते, मनुबाई विचारते. पण सोमवारी आणि गुरुवारी मनुबाईची पाटी येत नाही.

तेव्हा तुम्ही कळव्याचे असाल तर एवढं करा. स्टेशनच्या पूर्वेला पिवळी इमारत, तळमजला, डावीकडचं दार. सोमवारी नाहीतर गुरुवारी कडी वाजवा, जेवलात का विचारा. ओरडतील. उत्तर मिळेपर्यंत हलू मात्र नका.